वरांडा कुणाचा? मोऱ्याच्या लाँचवरून स्पेनपर्यंत

आज आपण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडतोय. कडेला उभं राहून ज्या कठड्याला धरतो ना, त्याला स्पॅनिश माणूस काय म्हणेल? 'बारांदा'. जिन्याचा, गच्चीचा कठडाही बारांदाच. ओळखीचा वाटतो ना शब्द? हो, आपला वरांडा!

आता तुम्ही म्हणाल, स्पेनचा आणि उरणचा काय संबंध? आहे की! १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला. पुढे १५८० ते १६४० अशी साठ वर्षं स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे तेव्हा उरण-करंजावर नावापुरता का होईना, स्पेनच्या राजाचा अंमल होता. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि इथली पोर्तुगीज सत्ता संपली.

पण मग शब्द मूळचा कुणाचा? काही जण म्हणतात, संस्कृत 'वरण्ड'पासून आला. काही जण फारसीकडे बोट दाखवतात, कारण 'बरामदा' म्हणजे बाहेर आलेला भाग. ऐकायला दोन्ही पटतं. पण तारखा बघा. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीत, कालिकतच्या हकिकतीत, 'वारांदा' हा शब्द येतो. लिहिणारा त्याचा अर्थ सांगत बसत नाही. म्हणजे शब्द त्याच्या घरचाच, इथे येऊन शिकलेला नव्हे. १५०५ मध्ये ग्रानादात छापलेल्या स्पॅनिश-अरबी कोशातही तो आहे. इंग्रजांनी मात्र तो भारतात उचलला आणि जगभर नेला.

गंमत म्हणजे, तिकडे शब्द कठड्याचा आणि इकडे झाला कठड्यामागच्या अख्ख्या जागेचा! दाराची बिजागरीसुद्धा तशीच आलेली, मूळ शब्द 'बिसाग्रा'.

पण शब्द बाहेरचा म्हणून जागा बाहेरची नाही हं. पावसाचा मारा अडवायला, जाळी विणायला, आल्यागेल्याला टेकायला आपल्याकडे ओटी, पडवी, ओसरी होतीच. वरांडा आला, म्हणून त्या गेल्या नाहीत. आता मात्र फ्लॅटमध्ये ग्रिल लावून तीच जागा आपण खोलीत घेतो. जागा गेली की तिचे शब्दही जातात, देशी काय आणि परदेशी काय.

तर आज घरी आजीला विचारा, तुमच्या जुन्या घरात त्या जागेला काय म्हणायचे? आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!