ट्रकच्या केबिनमध्ये चांगली कॉफी कशी बनवायची? वॅट, अँपिअर आणि फिल्टरचं साधं गणित

माझे काका गेली बावीस वर्षं ट्रक चालवतात. त्यांचा बहुतेक प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, म्हणजे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बंगळुरूपर्यंत. कर्नाटकात फिल्टर कॉफीची चटक लागली आणि मग परतीच्या वाटेवर धाब्यावरची साखर-दूध-इन्स्टंटवाली कॉफी त्यांच्या घशाखाली उतरेना. मी इंजिनिअर पुतण्या! ऑनलाइन एक १२ व्होल्टची कारची किटली मागवली आणि मोठ्या रुबाबात त्यांना भेट दिली.

तीन आठवड्यांनी पहाटे चार वाजता फोन आला. हुबळीच्या पुढे गाडी बंद, स्टार्टर नुसता 'टक टक' करतोय आणि मागे द्राक्षांचा माल. "लेका, तुझ्या किटलीनं गाडी झोपवली की रे!" दुसऱ्या ट्रकवरून केबल लावून गाडी सुरू झाली, पण अर्धा दिवस गेला आणि व्यापाऱ्याने भाडं कापलं ते वेगळंच.

चूक माझी होती. ती नेमकी काय होती आणि आता काका कॉफी कशी करतात, ते या लेखात पाहू.

एक मग पाण्याला किती वीज लागते?

२५० मिली पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत नेण्यासाठी साधारण ७३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे सुमारे २० वॅट-तास. तुमच्या मोबाइलच्या ५००० एमएएच बॅटरीत साधारण एवढीच ऊर्जा मावते. थोडक्यात, एक मग पाणी उकळणं म्हणजे एक मोबाइल पूर्ण चार्ज करणं. वाया जाणारी उष्णता धरली तर २५ ते ३० वॅट-तास समजा.

हे ऐकून वाटतं, एवढ्याशा विजेने ट्रकला काय होणार? ऊर्जेच्या बाबतीत खरंच काही होत नाही. खरी अडचण असते ती करंटची, म्हणजे ती वीज किती वेगाने आणि कुठून ओढली जाते याची.

- घरची १५०० वॅटची किटली, इन्व्हर्टरवर: पाणी मिनिटभरात उकळतं, पण २४ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर करंट ओढला जातो. लायटर सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. तिथे हे चालणारच नाही. थेट बॅटरीवरून जाड केबल आणि योग्य फ्यूज टाकावा लागतो.
- २४ व्होल्टची २५० वॅटची किटली: सुमारे १० अँपिअर. एका मगाला ६ ते ८ मिनिटं.
- १२ व्होल्टची १५० वॅटची किटली: सुमारे १२.५ अँपिअर. एका मगाला १० ते १५ मिनिटं. ही कारसाठी असते, ट्रकसाठी नाही.

किटली घेताना सॉकेटच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा आधी बघा. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे हा उपाय नाही. त्याने वायर तापते आणि आग लागू शकते.

१२ आणि २४ व्होल्टचा सापळा

कारमध्ये १२ व्होल्टची एक बॅटरी असते. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टची किटली थेट २४ व्होल्टवर लावली, तर व्होल्टेज दुप्पट होतं आणि वॅट चौपट. म्हणजे १५० वॅटची किटली ६०० वॅट खायला बघते आणि जळते, किंवा त्याआधी फ्यूज जातो.

काकांच्या इलेक्ट्रिशियनला हे माहीत होतं. त्याने शक्कल लढवली आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढून दिली. किटली मस्त चालू झाली. बऱ्याच ट्रकमध्ये म्युझिक सिस्टिमसुद्धा अशीच जोडलेली दिसते.

घोळ इथेच आहे. काका दिवसाला चार-पाच मग पाणी तापवायचे, म्हणजे रोज सुमारे १२ अँपिअर-तास एकाच बॅटरीतून जात होते. अल्टरनेटरला मात्र दोन्ही बॅटऱ्या मिळून एकच, साधारण २८ व्होल्टची बॅटरी दिसते. भरलेली बॅटरी पुढे चार्जिंगचा करंट कमी करते आणि दमलेली बॅटरी उपाशीच राहते. एक रोज जास्त चार्ज होऊन खराब होते, दुसरी रोज कमी चार्ज होऊन. स्टार्टर मारताना तोच करंट दोन्हींतून जातो, त्यामुळे एक कमजोर असली तरी गाडी उठत नाही.

उपाय दोन आहेत. एक, मुळातच २४ व्होल्टची किटली घ्या. दोन, १२ व्होल्टचीच वापरायची असेल तर मध्ये २४ ते १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखी वीज घेतो. कन्व्हर्टर किटलीच्या गरजेपेक्षा थोडा मोठा, म्हणजे २० अँपिअरचा असू द्या.

आणि किटली इंजिन चालू असताना, पण गाडी उभी करूनच वापरा. चालत्या गाडीत उकळतं पाणी नको. एक खड्डा आला की ते सरळ मांडीवर.

केबिनमध्ये गॅस पेटवू नका

छोटा गॅस किंवा स्टोव्ह सोपा वाटतो, खासकरून पावसात. पण बंद जागेत ज्वलन नीट झालं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जाऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकमध्ये एसी केबिन बंधनकारक आहे. त्यामुळे आता केबिन आणखी घट्ट बंद राहणार. स्टोव्ह पेटवायचाच असेल तर खाली उतरून, डिझेल टाकी आणि मालापासून लांब.

सगळ्यात चांगला उपाय: वीज वापरूच नका

एवढं सगळं गणित करून मी शेवटी ज्या उत्तरावर आलो, ते काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "थर्मास द्या की त्यांना!"

पाणी तापवणं आणि कॉफी काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाणी जिथे फुकटात उकळतं तिथे, म्हणजे धाब्यावर, तापवून घ्यायचं. कॉफी हवी तेव्हा काढायची. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, म्हणून उष्णता बाहेर पडायला फार वेळ लागतो. ही रचना जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये केली, अजून तिला तोड नाही. फक्त एक करा: आधी थोडं उकळतं पाणी घालून थर्मास पाच मिनिटं तापवा, ते ओतून द्या आणि मग काठोकाठ भरा. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी चांगलं, त्यामुळे भरल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत वापरलेलं उत्तम.

कॉफी काढायची दोन साधनं

१. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. वीज नाही, कागद नाही, फुटत नाही. वरच्या भांड्यात २० ते २५ ग्रॅम पावडर, चकतीने हलकं दाबा, १२० मिली गरम पाणी घाला, झाकण लावा. १५-२० मिनिटांत दोन कपांपुरता अर्क खाली उतरतो. काका जेवायला थांबले की फिल्टर लावून जातात. जेवण होईपर्यंत अर्क तयार. चालत्या गाडीत लावू नका, सांडतो.

२. एअरोप्रेस. अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी २००५ मध्ये आणलेली ही प्लॅस्टिकची नळी म्हणजे मोठी पिचकारीच. १५ ग्रॅम पावडर, २०० मिली पाणी, ढवळा, एक मिनिट थांबा, सावकाश दाबा. दोन मिनिटांत कॉफी. चोथा वडीसारखा बाहेर पडतो, त्यामुळे धुवायला घोटभर पाणी पुरतं.

मोका पॉट चांगला, पण त्याला आच लागते. म्हणून केबिनसाठी बाद.

दूध उन्हात टिकत नाही, म्हणून दूध पावडर ठेवा. कॉफी पावडर १०० ग्रॅमच्या छोट्या पाकिटात घ्या आणि डबा डॅशबोर्डवर नको, सीटखाली ठेवा. ऊन आणि हवा लागली की वास उडतो.

पाकीट वाचा: चिकोरी किती?

फिल्टर कॉफीच्या बऱ्याच पावडरींमध्ये चिकोरी असते. आपल्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. म्हणजे अर्धी चिकोरी असलेला कडक काळा कप पिऊन 'आता झोप येणार नाही' असं वाटलं, तरी ते खरं नसतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं

कॅफीन झोप भरून काढत नाही. मेंदूला थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची जागा ते काही तास अडवून ठेवतं, एवढंच. असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि पाच तासांनीही जवळपास अर्धं कॅफीन शरीरात असतं. त्यामुळे डोळे मिटू लागले तर कॉफी प्या आणि लगेच गाडी बाजूला लावून २० मिनिटं झोपा. उठाल तेव्हा दोन्हींचा फायदा मिळेल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. फिल्टरमधून अर्क उतरायला लागणारी वीस मिनिटं त्यात आरामात बसतात.

काकांकडे आता एक लिटरचा थर्मास, स्टीलचा फिल्टर आणि दोन नव्या बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्यांचे पैसे मी दिले. किटली सध्या माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला.