प्रदर्शनातील स्टॉल-उभारणीचे नियम

व्यापारी प्रदर्शनात भाड्याने घेतलेल्या जागेवर प्रदर्शकाने काय उभारावे, किती उंच, कोणत्या साहित्याचे आणि किती तासांत, तसेच प्रदर्शन संपल्यावर ते किती वेळात हलवावे, हे ठरवणारी आयोजकाची नियमावली. ती जागेच्या कराराचा भाग असते. जाड पुस्तिकेच्या रूपाने ती प्रदर्शकाकडे येते आणि धंद्यात तिला नुसते ‘मॅन्युअल’ म्हणतात. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती प्रदर्शक कंपनीच्या मार्केटिंग विभागाकडे पोचते आणि स्टॉल उभारतो तो फॅब्रिकेटरचा सुतार, ज्याने तिचे एक पानही पाहिलेले नसते. या नियमांतला बराचसा कडकपणा ही दरी बुजवण्यासाठी आला आहे.

मुंबईत हे नियम समजून घ्यायला वाकोला ही सोयीची जागा आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या सांताक्रूझ पूर्वेतील या वस्तीच्या उत्तरेला गोरेगावचे नेस्को संकुल, म्हणजे बॉम्बे एक्झिबिशन सेंटर आहे. दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदाने आणि २०२२मध्ये सुरू झालेले जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर आहे, तर महामार्गालगत वाकोल्यातच ग्रँड हयात हॉटेल आहे. पक्के हॉल, उघडे मैदान आणि हॉटेलचे सभागृह अशा तिन्ही तऱ्हा एकाच रस्त्याच्या आसपास येतात आणि प्रत्येकीचे नियम वेगळे. पक्क्या हॉलमध्ये छप्पर, जमीन आणि अग्निशमन यंत्रणा आधीच असते, त्यामुळे नियम स्टॉलपुरते राहतात. मैदानावर आधी हॉलच उभा करावा लागतो. तिथे स्टॉलच्या नियमांवर मांडवाचे नियम येऊन बसतात. हॉटेलात भर असतो गालिच्यावर, भिंतींवर आणि सामानाच्या लिफ्टवर. लिफ्टमध्ये न मावणारा पॅनेल कितीही देखणा असला तरी सभागृहापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे बहुधा टेबल, पाठीमागे उभा बॅनर आणि दोन खुर्च्या एवढ्यावरच भागवतात.

स्टॉल ही कल्पना आजच्या रूपात फार जुनी नाही. पूर्वीच्या जत्रा-बाजारांत माल गाडीभर येई आणि तिथेच विकला जाई. जर्मनीतील लाइपझिगने १८९५मध्ये केवळ नमुन्यांची जत्रा भरवली: नमुना पाहा, मागणी नोंदवा, माल मागाहून येईल. माल हलला तसा जागेचा अर्थही बदलला. गोदाम नको, पण नमुना उठून दिसला पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या नमुन्यापेक्षा जास्त. उंचीच्या, आवाजाच्या आणि उजेडाच्या नियमांचे मूळ या चढाओढीत आहे.

जागा दोन प्रकारांनी मिळते. पहिला प्रकार ‘शेल स्कीम’. यात आयोजकच ॲल्युमिनियमच्या खांबांत पांढरे पॅनेल अडकवून तयार स्टॉल देतो. सोबत नावाची पट्टी, गालिचा, टेबल, खुर्च्या, दोनचार दिवे आणि एक प्लग. प्रचलित एकक ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर. उंची साधारण २.५ मीटर. बोलीभाषेत याला ‘ऑक्टोनॉर्म’चा स्टॉल म्हणतात. हे नाव ऑक्टानॉर्म या जर्मन कंपनीच्या आठ कडांच्या खांबावरून आले, आणि आता खांब कोणाचाही असला तरी नाव तेच राहते. इथला मुख्य नियम असा की पॅनेलला खिळा, स्क्रू किंवा रंग लावायचा नाही, कारण तोच पॅनेल पुढच्या आठवड्यात दुसऱ्या प्रदर्शनात जायचा असतो. नावाच्या पट्टीवर काय लिहायचे तेही ठरलेल्या तारखेआधी कळवावे लागते. तारीख चुकली की अर्जात पडलेली स्पेलिंगची चूक प्रदर्शनभर डोक्यावर मिरवावी लागते.

दुसरा प्रकार ‘बेअर स्पेस’ किंवा ‘रॉ स्पेस’. इथे जमिनीवर खडूने किंवा टेपने आखलेला चौकोन मिळतो, बाकी काही नाही. त्यामुळे खरी नियमावली इथे सुरू होते. आराखडा, उभा छेद, वीजभार आणि वापरायच्या साहित्याचा तपशील आधी मंजूर करून घ्यावा लागतो. उंचीची कमाल मर्यादा हॉल पाहून ठरते. दुमजली स्टॉलला परवानाधारक संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र लागते. छताला काही टांगायचे तर हॉलच्या तंत्रज्ञांकडूनच, आणि त्याचे पैसे वेगळे. जमिनीला भोक पाडायचे नाही. मार्गिकेकडची बाजू सलग भिंतीने बुजवायची नाही, नाहीतर समोरच्या स्टॉलवाल्याला चार दिवस कोरी भिंत बघत बसावे लागते. ज्यावरून सर्वाधिक भांडणे होतात तो नियम मात्र पाठीच्या भिंतीचा: शेजाऱ्याच्या स्टॉलवरून डोकावणारी मागची बाजूही स्वच्छ, पांढरी आणि जाहिरातविरहित हवी. सुताराच्या दृष्टीने ती ‘मागची’ असते आणि तिथे प्लायचे सांधे उघडे सोडायचा त्याचा रिवाज असतो.

उभारणीचे वेळापत्रक तासांत मोजतात. हॉलचा ताबा मिळाल्यापासून उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत दोन-तीन दिवस, मोठ्या यंत्रांच्या प्रदर्शनाला थोडे जास्त. प्रथम अवजड यंत्रे आत घेतात, कारण मार्गिकेवर गालिचा पडल्यावर क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आत येऊ शकत नाही. गर्दीच्या वेळी शहरात अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने मालाचे ट्रक रात्री येतात आणि उभारणीचा खरा जोर मध्यरात्रीनंतर असतो. ताबापत्र घेण्याआधी फॅब्रिकेटरला परत मिळणारी अनामत भरावी लागते. कामगारांना ओळखपट्टी, हेल्मेट आणि बूट सक्तीचे असतात. सुतारकाम बाहेर, गाळ्यात किंवा कारखान्यात पुरे करून आत फक्त जोडणी करावी, असा दंडक असतो: हॉलमध्ये वेल्डिंग नाही, स्प्रे पेंट नाही, लाकूड कापायचे यंत्र नाही. हा दंडक जितका ठळक छापलेला असतो तितकाच मोडला जातो. शेवटच्या रात्री एखादा टेकू दोन इंच लांब भरतो आणि करवत निघते.

आगीचे नियम या सगळ्यांच्या वर आहेत, आणि त्यामागे प्रत्यक्ष घडलेल्या दुर्घटना आहेत. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या तात्पुरत्या मांडवांना आग लागून ६५ जणांचा मृत्यू झाला. मांडव आणि वीज कंत्राटदाराने केली, तेव्हा जबाबदार तो, असा आयोजकांचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तो फेटाळला आणि भरपाईची जबाबदारी आयोजक ६० टक्के व राज्य सरकार ४० टक्के अशी वाटली. कंत्राटदार मध्ये आहे म्हणून आयोजक सुटत नाही, हा त्याचा अर्थ. आयोजक प्रत्येक फॅब्रिकेटरकडून हमीपत्रे भरून घेतात त्याचे कारण यात सापडते. मुंबईत १४ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील गिरगाव चौपाटीवरचा मंच कार्यक्रम चालू असतानाच पेटला. जीवितहानी झाली नाही. सप्ताहाचे मुख्य प्रदर्शन तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर, म्हणजे वाकोल्याच्या शेजारीच भरले होते.

महाराष्ट्रात याबाबतचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तात्पुरत्या बांधकामांसाठी आणि मांडवांसाठी भारतीय मानक ८७५८ आहे. स्टॉलपुरते त्यांचे रूप साधे असते: कापड, गालिचा आणि प्लाय आगीला दाद न देणारे किंवा तशी प्रक्रिया केलेले असावे, प्रत्येक स्टॉलवर अग्निशामक सिलिंडर असावे, आपत्कालीन दार, हायड्रंट आणि वीजपेटी यांच्यासमोर काहीही ठेवू नये. स्टॉलवर पूर्ण बंद छत घालू देत नाहीत, कारण हॉलच्या छतातील फवाऱ्याचे पाणी आत पोचले पाहिजे. रिकामी खोकी स्टॉलच्या पाठीमागे कोंबून ठेवण्यास मनाई असते. नेमकी तिथेच ती सापडतात.

विजेची मागणी किलोवॉटमध्ये आधी नोंदवावी लागते. उशिरा नोंदवल्यास दर वाढतो. उभारणीच्या काळातील वीज वेगळी आकारतात. रात्री हॉलचा मुख्य पुरवठा बंद होतो, म्हणून फ्रीज किंवा सर्व्हर चालू ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या जोडणीचा अर्ज निराळा करायचा असतो. आतली जोडणी परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून, गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह करावी लागते. गाणी वाजवायची तर प्रताधिकाराचा परवाना लागतो. थर्माकोलमध्ये कापलेली अक्षरे एकेकाळी प्रत्येक स्टॉलवर दिसत. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर सनबोर्ड आणि ॲक्रिलिकने ती जागा घेतली.

काही नियम हॉलबाहेरचे असतात. परराज्यातून येऊन स्टॉलवर थेट विक्री करणाऱ्याला वस्तू व सेवा कर कायद्याखाली नैमित्तिक करपात्र व्यक्ती म्हणून व्यवसाय सुरू होण्याच्या निदान ५ दिवस आधी नोंदणीचा अर्ज करावा लागतो. नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते आणि कराचा अंदाज आगाऊ भरावा लागतो. ठराविक मर्यादेपर्यंतच्या हस्तकला-विक्रेत्यांना यातून सूट आहे. परदेशातून प्रदर्शनापुरता आणलेला माल एटीए कार्नेटवर जकात न भरता येतो आणि मुदतीत परत जावा लागतो; भारतात कार्नेट देणारी संस्था फिक्की. हिरे-दागिन्यांच्या प्रदर्शनांत कागदपत्रांच्या जोडीला तिजोरीचाही प्रश्न येतो. रत्ने व आभूषणे निर्यात प्रोत्साहन परिषदेचे मोठे ऑगस्ट-प्रदर्शन २०२३मध्ये जिओ वर्ल्ड आणि नेस्को अशा दोन ठिकाणी एकाच वेळी भरले.

मोडणी उभारणीपेक्षा घाईची असते. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेआधी सामान आवरायला मनाई असते, कारण एक स्टॉल रिकामा दिसला की शेजारचेही बांधाबांध सुरू करतात आणि उरलेले ग्राहक दारातूनच परततात. आधी हातात मावणारा किमती माल गेट पासवर बाहेर जातो, मग खोकी, मग ट्रक. हॉल बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा करून द्यायचा असतो, कारण पुढचा आयोजक दाराशी उभा असतो. सांगाडा फोडला जातो आणि चांगला प्लाय पुढच्या स्टॉलसाठी परत गोदामात जातो. शेवटी आयोजकाचा माणूस रिकाम्या चौकोनावरून फिरून अनामतीतून काय कापायचे ते लिहितो: सांडलेला रंग, मागे टाकलेला राडारोडा आणि गालिच्याखालच्या डबल टेपचा जमिनीला चिकटून राहिलेला गोंद.