तालुक्याच्या शिवेवर अडकलेला हक्क

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा येत राहिला. आर्णी आणि राळेगाव विधानसभेत आदिवासींसाठी राखीव, उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव, मग वणी, यवतमाळ, दिग्रस, पुसद खुले कसे? आणि गावात सरपंचपदाची सोडत निघते तशी आमदारकीची का निघत नाही? आम्हा सहयोगिनींना उत्तर तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. म्हणून आज ते जुन्या काळापासून सांगतो.

इंग्रजांच्या काळात आपला जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतंच. जमिनीचा सारा किती भरता, कर किती, शिक्षण किती, हे पाहून मतदार यादीत नाव यायचं. 1935 च्या कायद्यानं काही बायकांना मत दिलं, पण त्यातल्या पुष्कळशा नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. शेतमजूर बाई, पोडावरचा कोलाम, महारवाड्यातलं माणूस, यांच्याकडे सारा भरायला जमीनच नव्हती, तर मत कुठून येणार?

त्याआधी 1932 साली मोठा पेच झाला होता. अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी फक्त त्याच समाजानं निवडावेत, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी होती, आणि इंग्रज सरकारनं ती मान्यही केली होती. गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण धरलं. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. सरकारनं प्रांतांत 71 जागा दिल्या होत्या, करारात त्या 148 झाल्या, त्यातल्या 20 आपल्या मध्य प्रांताच्या वाट्याला. पण मतदारसंघ संयुक्त ठेवले. आधी समाजानं चार उमेदवार निवडायचे आणि मग त्यातला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. जागा दुपटीहून वाढल्या, पण निवडून कोण येणार हे ठरवणारे हात बहुसंख्यांचेच राहिले. आमच्या मते हा सौदा अर्धा भाकरीचा होता. भूक मोठी होती तेव्हा अर्धीही घ्यावी लागते, पण म्हणून ती पूर्ण होत नाही. राखीव वॉर्डातून निवडून आलेल्या बाईला गावातल्या मोठ्या घरांकडे पाहून बोलावं लागतं, हे आपण आजही पाहतोच.

संविधानानं 21 वर्षांवरच्या सगळ्यांना मत दिलं. (अठरा वर्षं नंतर झालं, 1989 साली.) 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यावी. तरी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, बहुतेक उत्तरेतल्या राज्यांतली. का? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगानं ठरवलं की नावाशिवाय मत नाही. कठोर वाटतं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांना नाव सांगावंच लागलं.

आता आपल्या जिल्ह्याची खरी गोष्ट. आदिवासींसाठी जागा राखल्या, पण आदिवासी कोण हे ठरवणाऱ्या सुरुवातीच्या यादीत विदर्भापुरते ठरावीक तालुकेच होते. आपल्याकडचे तीन: केळापूर, वणी आणि यवतमाळ. तेव्हा जिल्ह्यात पाचच तालुके. उरलेले दोन, दारव्हा आणि पुसद, यादीबाहेर. म्हणजे यवतमाळ तालुक्यातला गोंड आदिवासी आणि शीव ओलांडून दारव्हा तालुक्यात राहणारा त्याचाच सोयरा कागदावर आदिवासी नाही! आंध समाजाची वस्ती तर पुसदकडेच जास्त, तिकडे महागाव-उमरखेडही तेव्हा पुसद तालुक्यातच. रोटी-बेटी एक, देव एक, यादी वेगळी. या लोकांना मत होतं, पण राखीव जागेवर उभं राहता येत नव्हतं, मुलांना आदिवासी म्हणून सवलत नव्हती, आणि जनगणनेत ते आदिवासी म्हणून मोजलेही जात नव्हते. मोजणीत नाही, म्हणजे जागांच्या हिशेबातही नाही.

1976 च्या कायद्यानं ही तालुक्याची अट काढली. पंचवीसेक वर्षं गेली होती. एक पिढी मतदान करत म्हातारी झाली.

अट गेल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. नावात साम्य असलेल्या समाजांचे दावे वाढले, खोटे दाखलेही निघाले. मग राज्यानं 2000 सालचा जात पडताळणीचा कायदा आणला. खऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून आणला, ते योग्यच. पण राखीव जागेवर निवडून आलेल्यानं मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द होते. अनुसूचित जमातीसाठी 1950 आधीचा, विमुक्त जातींसाठी 1961 आधीचा पुरावा मागतात. ज्या पोडावर तेव्हा शाळाच नव्हती, तिथल्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? बाईची तर पंचाईत अजून मोठी: पुरावा माहेरचा लागतो, आणि कागद भाऊ शोधेल तेव्हा.

विमुक्तांचं निराळंच. बंजारा समाज इथे विमुक्त जातींत, शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातीत. म्हणून विधानसभेत त्यांना राखीव जागा नाही. तरी पुसदच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिले, पुढे 1991 मध्ये सुधाकरराव नाईक झाले. राखीव जागेशिवायही माणूस वर जातो, असं त्यावरून कोणी म्हणतं. आम्ही म्हणतो, एका घराण्यावरून तांड्यातल्या बाईचा हिशेब करू नका. तिला ग्रामपंचायतीत जागा मिळते ती नागरिकांच्या मागास प्रवर्गातून, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आरक्षणाला आकडेवारीची अट घातल्यावर निवडणुका अडकल्या. जिल्हा परिषदा कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. आरक्षण कुणाचं किती, या वादात कुणालाच निवडता आलं नाही.

सोडतीचं उत्तर राहिलं. गावात 1993 पासून राखीव जागा फिरत्या आहेत, 2011 पासून निम्म्या बायकांच्या. विधानसभेचं राखीवपण लोकसंख्येवरून मतदारसंघ आखताना ठरतं, म्हणून आर्णी हे नाव 2008 च्या पुनर्रचनेनंतरच ऐकू आलं. 2023 च्या घटनादुरुस्तीनं विधानसभेतही एक तृतीयांश जागा बायकांच्या होतील, राखीव जागांमध्येही, पण जनगणना आणि नवी आखणी झाल्यावर.

ज्यांची गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजीकडची काही, त्यांच्यासाठी पेसा कायदा आहे. 2014 च्या नियमांप्रमाणे पोड किंवा पाडा स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. मोठ्या गावच्या सभेत कोपऱ्यात बसण्यापेक्षा आपल्याच झाडाखाली सभा. त्यासाठी पोडावरच्या निम्म्याहून जास्त मतदारांचा ठराव लागतो. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या पोडाची मतदार यादी घेऊन या. नावं मोजूया, आणि सुनांची नावं माहेरच्या यादीतून इकडे आली आहेत का तेही बघूया.