लहरीचें चित्र

विजेची लहर डोळ्यांस दिसत नाहीं. मोजयंत्राचा कांटा तिचा दाब सांगतो. आकार सांगत नाहीं. ही उणीव १८९७ सालीं स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं भरून काढिली. निर्वात कांचनळींतील ऋणकिरण चुंबकानें वळवून त्यांनीं लहरीचें रूप चमकत्या पडद्यावर उमटविलें. १८९९ मध्यें त्यांचे साहाय्यक योनाथान त्सेनेक यांनीं किरणास काळाच्या मापाची आडवी चाल दिली, आणि ऑसिलोस्कोप आकारास आला.

पहिलीं कित्येक वर्षें तो प्रयोगशाळेंतच राहिला. महायुद्धानंतर, १९४७ सालीं, अमेरिकेंतील हौशी रेडिओकारापुढें दोन वाटा उघडल्या. पोर्टलंडच्या टेक्ट्रॉनिक्सचें ५११ हें यंत्र लहर येतांच आपली चाल सुरू करी. त्यामुळें आकृति स्थिर राही. किंमत मात्र ७९५ डॉलर! त्याच वर्षीं मिशिगनमधील हीथ कंपनीनें युद्धांतून उरलेले भाग घालून सुटा संच ३९ डॉलर ५० सेंटांस विकावयास काढिला. जोडणी ग्राहकानें स्वतः करावयाची.

मग शहाणपण कशांत होतें? आपणांस काय पाहावयाचें, हें आधीं ठरविण्यांत. प्रक्षेपकाची लहर नळीच्या उभ्या चालीस व आवाज आडव्या चालीस जोडला, कीं पडद्यावर समलंब चौकोन दिसे. आवाजाचा भार वाढतां त्याचा त्रिकोण होई. भार अति झाला कीं त्रिकोणास शेपूट फुटे, आणि शेजारच्या लहरींवर बोलणाऱ्यांस उपद्रव होई. एवढें पाहण्यास स्वस्त नळी पुरे. क्षणिक, वेगवान स्पंदनें पारखणाऱ्यासच महाग यंत्र हवें होतें. ज्यानें गरज आधीं ओळखली, त्याचे पैसेहि वांचले आणि शेजारधर्महि राहिला.