सेंट्रल रिक्रिएशन ग्राउंड, हेस्टिंग्ज

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या लहानशा शहराच्या ऐन मध्यवस्तीत असलेले, आता नामशेष झालेले क्रिकेटचे मैदान. (आमच्या वाचकास या नावाने प्रथम वॉरन हेस्टिंग्ज आठवेल, परंतु येथे अभिप्रेत आहे ते १०६६ च्या लढाईला ज्याचे नाव पडले ते शहर.) मैदानाची जागा ज्या प्रायरी खोऱ्यात होती, तेथवर मध्ययुगात समुद्राचे पाणी येत असे, कालांतराने गाळ साचून त्याचे कुरण झाले आणि १८६४ च्या सुमारास त्या कुरणावर क्रिकेट सुरू झाले. पुढील वर्षीच ससेक्स परगण्याच्या संघाने येथे केंटविरुद्ध प्रथम श्रेणीचा सामना खेळला. वर टेकडीवर जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष आणि सभोवार उंच घरांची दाटी, असा तो देखावा होता.

१९०७ मध्ये गिल्बर्ट जेसप याने येथे अवघ्या दीड तासात १९१ धावा कुटल्या. १९४७ मध्ये डेनिस कॉम्प्टनने आपले त्या हंगामातील सतरावे शतक येथेच झळकावून इंग्लंडचा फलंदाज हॉब्ज याचा एका हंगामातील सर्वाधिक शतकांचा बावीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला, तर लगेच पुढल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनने आपल्या अखेरच्या इंग्लंड दौऱ्यात येथे १४३ धावा केल्या.

तथापि या मैदानाचा खरा मानकरी, आमच्या मते, फलंदाज नसून केंटचा डावखुरा गोलंदाज डेरेक अंडरवुड हाच होय. १९६४ मध्ये येथे ससेक्सचे नऊ गडी २८ धावांत टिपणाऱ्या या गोलंदाजाने १९७३ मध्ये, पावसाने मैदानात पाणी साचून खेळपट्टी ओलीचिंब झाली असता, आठ गडी केवळ ९ धावांत गारद केले आणि ससेक्सचा डाव ५४ धावांत आटोपला. जणू बुजलेल्या पाण्याने आपला जुना हक्कच बजावला. त्याहून नवल हे की, तळाला फलंदाजीस येणाऱ्या या गृहस्थाने प्रथम श्रेणीतील आपले एकमेव शतक, १११ धावांचे, १९८४ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी झळकावले, तेही याच मैदानावर आणि ससेक्सविरुद्धच.

भर पेठेतील मोक्याच्या जागेवर व्यापाऱ्यांची नजर न जाती तरच आश्चर्य. परगण्याच्या संघाने १९८९ मध्ये येथे अखेरचा सामना खेळला, आणि हिरवळीच्या जागी बांधलेल्या ‘प्रायरी मेडो’ या बाजारसंकुलाचे उद्घाटन १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ (दुसरी) हिच्या हस्ते झाले. दुकानांच्या त्या गर्दीत चेंडू टोलावणाऱ्या फलंदाजाचा एक पुतळा उभा आहे; शहरातील क्रिकेट आता हॉर्नटाय पार्कवर चालते.