जुन्या मोटारीची कुरबुर

मोटारीचा ब्रेक चाकाला लागतो, ही गोष्ट आज इतकी सर्वमान्य झाली आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी संख्येने बाहेर पडलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचा पायाचा ब्रेक चाकांना स्पर्शही करीत नसे. इंजिनामागील गिअरच्या पेटीत एक फिरता ड्रम असे व त्याभोवती सुती अस्तराचा पोलादी पट्टा. उजवे पेडल दाबले की पट्टा आवळला जाई, ड्रम मंदावे आणि त्याच्याशी दांड्याने जोडलेली मागची चाके थांबत.

या रचनेमुळे गाडीच्या आवाजांचे निदान हे एक निराळेच शास्त्र होऊन बसले. पेडल दाबताच गाडी थरथरू लागली, तर अस्तर झिजून गुळगुळीत झाले आहे असे समजावे. मग पायांखालची फळी काढायची, पेटीचे झाकण उघडायचे आणि नट फिरवून पट्टा आवळायचा; तो नट हातून निसटून पेटीत पडला, म्हणजे मालकाची दुपार गेलीच! दुसरा आवाज अधिक फसवा. पेटीत व इंजिनात तेल एकच खेळत असे. अस्तराचे सुटलेले धागे त्या तेलाच्या नळीत जाऊन बसत, पुढच्या भागाला तेल पोचेनासे होई आणि तेथील बेअरिंग खडखडू लागे. खडखड पुढे, रोग मागे. अननुभवी कारागीर भलतेच काही उघडून बसे.

खरा घात मात्र आवाज न करणाऱ्या दोषाने होई. मागच्या आसात बॅबिट या मऊ धातूच्या चकत्या असत. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्या मुकाट्याने भुगा होत. एके दिवशी मोठे दातेरी चक्र बाजूला सरके, दात दातांतून सुटत आणि इंजिनाचा व ब्रेकचा चाकांशी असलेला संबंध एकदमच तुटे. एरवी ब्रेकचा पट्टा निकामी झाला तर चालक मधले, रिव्हर्सचे पेडल दाबून वेळ मारून नेत. उतारावर असा प्रसंग आला तर तेही व्यर्थ. उरे तो मागच्या चाकांचा हातब्रेक, आणि तो उभी गाडी धरून ठेवण्यापुरताच. म्हणून जाणते मालक आता तेथे ब्रॉन्झच्या चकत्या बसवितात.

आवाजाचा बंदोबस्त म्हणजे दोषाचा बंदोबस्त, ही समजूत इंग्लंडमध्ये तर अधिक महाग पडली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात तांब्याचे अस्तर धातूच्या तबकडीवर घासे आणि कानठळ्या बसविणारी किंकाळी उठे. तिच्यावर उपाय काढला हर्बर्ट फ्रूड यांनी. डर्बीशायरमधील गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट ठोकतात, हे पाहून ब्रेकच्या अस्तराकडे वळलेला हा गृहस्थ. १९०७ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉस वापरले. किंकाळी थांबली, आणि पुढे जगभर ब्रेकला तेच अस्तर लागले. त्याची पूड श्वासातून फुप्फुसात शिरून कर्करोग होतो, हे उमगेपर्यंत कित्येक दशके लोटली. ब्रिटनने पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली. जुन्या गाड्यांत मात्र ते अस्तर अजून आढळते. म्हणून अशा गाडीच्या चाकाचा ड्रम उघडला की आतली पूड फुंकून उडवायची नसते, ओल्या फडक्याने टिपून घ्यावयाची असते.