मार्फत : लासलगावातून विद्यापीठाच्या पत्त्यावर

लासलगावला घरी बसून एखादा शोधनिबंध उघडायला गेलात, की प्रकाशक पैसे मागतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तोच दुवा सहज उघडतो. माणूस तोच, लॅपटॉप तोच. बदलतो तो आयपी पत्ता. प्रकाशक तुम्हाला नाही, संस्थेच्या पत्त्याला ओळखतो. म्हणून घरून वाचायचं तर तुमची विनंती आधी संस्थेच्या एका यंत्राकडे जाते, ते ती स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवतं आणि आलेलं उत्तर तुमच्या हाती देतं. पूर्वी पत्रावर 'मार्फत' लिहून ओळखीच्या दुकानदाराचं नाव घालत, किंवा शेजाऱ्यांचा फोन नंबर 'पी.पी.' लिहून देत, त्यातलाच हा प्रकार.

याचा इतिहास बहुतेक ठिकाणी कंपन्यांच्या व्हीपीएनपासून सांगतात. भारतापुरतं मला ते पटत नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मुंबईसह चार महानगरांत. लासलगावातून जोडायचं तर मुंबईला एसटीडी! त्यातलं स्वस्त खातं म्हणजे 'शेल'. मोडेमवरून निगमच्या युनिक्स यंत्रात शिरायचं; इंटरनेटवर असायचं ते यंत्र, तुमचा संगणक नुसता पडदा आणि कीबोर्ड. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रातून जाणं ही आपल्याकडे पुढे सुचलेली युक्ती नव्हे, अनेकांची सुरुवातच तशी झाली. त्या यंत्रावर विश्वास ठेवायचा का, असं कोण विचारणार? दुसरा पुरवठादारच नव्हता.

वाटेत कुणी ऐकतंय का, हा प्रश्न त्याच वर्षी फिनलंडमध्ये ऐरणीवर आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपले. तेव्हा टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जायचा. तिथल्या तातू य्लोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि जुलै 1995 मध्ये ते फुकट वाटलं. वर्षअखेर 50 देशांत सुमारे 20,000 लोक ते वापरत होते. दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्याचं हे साधन, पण त्याच जोडणीतून इतर प्रोग्रॅमची वाहतूकही नेता येते. यालाच बोगदा म्हणतात. ग्रंथालयांसाठी 1999 मध्ये ईझीप्रॉक्सी आलं, तेही एका ग्रंथपालाने, क्रिस झेगर यांनी लिहिलेलं.

आता नीट लक्ष द्या, कारण पद्धत निवडताना इथेच गफलत होते. बोगदा विश्वासू यंत्रापाशी संपतो. पुढचा प्रवास नेहमीसारखाच. व्हीपीएनमध्ये संस्थेला तुम्ही कुठे गेलात ते दिसतं, एचटीटीपीएसमुळे आतला मजकूर दिसत नाही. ईझीप्रॉक्सी मात्र पानं स्वतः उघडून, त्यातले दुवे बदलून तुम्हाला देतं. त्यामुळे त्या यंत्राला मजकूरही वाचता येतो. विश्वास ठेवावा लागतोच, फक्त वाटेतल्या अनोळखींऐवजी एका ओळखीच्या यंत्रावर. तो कुणावर ठेवायचा यात सरकारही आलं : 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवणं बंधनकारक केलं, आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. संस्थांच्या स्वतःच्या व्हीपीएनना त्यातून वगळलं आहे.

समजा, तुमचा विषय कांद्याचा बाजार आहे आणि लासलगाव बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर मुलाखती दिल्यात. रेकॉर्डिंग ड्राइव्हवर चढवण्याआधी एवढं बघा : तुमची सगळी वाहतूक संस्थेच्या बोगद्यातून जाते, की फक्त प्रकाशकांकडची? आणि नोंदी किती दिवस ठेवतात, हे संगणक विभागाला लेखी विचारा.